पायाखालची ऊब



वैशाख पेटलेला आहे, संध्याकाळ झाली तरी अंगणातली फरशी अजून निवालेली नाही, आणि अशा वेळी मी आपणांपुढे ऊबदार भुईचा इतिहास सांगायला उभा आहे. आपल्यापैकी काहींच्या चेहऱ्यावर हसू दिसते आहे. ते रास्तच आहे. ज्याचे पाय पोळताहेत त्याला पाय शेकण्याचे महत्त्व सांगण्यासारखे हे झाले. परंतु थोडा वेळ आपण मनाने अशा मुलुखात चला, की जिथे हिवाळ्यात रांजणातले पाणी गोठते आणि रात्री विस्तव विझला तर घरातले म्हातारे माणूस सकाळी धडपणे उठेल अशी खात्री नसते. अशा मुलुखात ऊब ही चैन नव्हे. ती अन्नासारखीच गरज आहे.

आणि गरज म्हटली की इतिहासाचे प्रश्न उभे राहतात. ती कोणाची भागली, कोणाची भागली नाही, आणि ती भागविण्यासाठी राबायचे कोणी? राजांचा, लढायांचा आणि तहांचा इतिहास आपण व्याख्यानांतून पुष्कळ ऐकतो. आज एका घरगुती युक्तीचा इतिहास पाहू. युक्ती एवढीच, की विस्तव खोलीत पेटवायचा नाही. तो भुईखाली पेटवायचा, भुई तापवायची आणि त्या तापलेल्या भुईने घर ऊबदार ठेवायचे. ही युक्ती एकमेकांपासून फार दूर असलेल्या दोन प्रदेशांत रुजली. एक भूमध्य समुद्राकाठचा रोमन लोकांचा प्रदेश. दुसरा पूर्वेकडील कोरिया आणि उत्तर चीन. एका ठिकाणी ती भव्य झाली आणि बहुतांशी लोपली. दुसऱ्या ठिकाणी ती साधी राहिली आणि आजही जिवंत आहे. असे का व्हावे, हाच माझा आजचा विषय.

प्रथम युक्ती नीट समजावून घेऊ. शेगडीजवळ बसले म्हणजे तोंड भाजते आणि पाठ गारठते, हा अनुभव महाबळेश्वरी थंडीत आपण घेतला असेल. खोलीत विस्तव असला की हवा तापते आणि तापलेली हवा आढ्याला जाते. म्हणजे ऊब वाशांना आणि गारठा पायांना. भुई तापविली तर क्रम उलटतो. पाय ऊबदार राहतात आणि डोके थंड राहते. शिवाय भुईचा पृष्ठभाग मोठा, त्यामुळे ती फार तापवावीही लागत नाही. २५ ते २९ अंश सेल्सिअस एवढी, म्हणजे आपल्या शरीरापेक्षाही कमी उष्णतेची भुई माणसाला सुखाची वाटते. कारण शरीरातली ऊब ती ओढून घेत नाही. त्यातून दगड आणि माती उष्णता साठवून ठेवतात. विस्तव विझल्यावरही त्या कित्येक तास ती हळूहळू परत देत राहतात.

हे तत्त्व आपल्या पूर्वजांना ठाऊक नव्हते असे नाही. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातला चौदावा अध्याय स्वेदनाचा, म्हणजे घाम काढण्याच्या उपचारांचा आहे. तेथे अग्नीच्या साहाय्याने करावयाच्या स्वेदाचे तेरा प्रकार दिले आहेत. त्यांतला एक ‘अश्मघन’ स्वेद. माणूस निजू शकेल एवढी लांब शिळा घ्यायची, तिच्यावर लाकडे पेटवून ती तापवायची, निखारे काढून टाकायचे, गरम पाणी शिंपडायचे आणि वर वस्त्र अंथरून रोग्याला निजवायचे. दुसरा ‘भूस्वेद’, त्यात शिळेऐवजी भुईच तापवायची. पण हा झाला वैद्याचा उपचार, घराची रचना नव्हे. आपल्या बहुतेक मुलुखाची हवा अशी, की थंडीचे दोन महिने घोंगडीवर निभतात. गरज नसली की युक्ती ग्रंथात राहते; घरात उतरत नाही.

ती घरात उतरली कशी, हे पाहण्यासाठी प्रथम रोमला जाऊ.

रोमन लोक या रचनेला ‘हायपोकॉस्ट’ म्हणत. शब्द ग्रीक आहे. त्याचा अर्थ ‘खालून जाळलेले’. थोरला प्लिनी या लेखकाने ‘टांगती स्नानगृहे’ प्रथम काढण्याचे श्रेय सर्जियस ओराटा नावाच्या गृहस्थाला दिले आहे. हा इ. स. पू. पहिल्या शतकाच्या आरंभीचा एक धनिक; समुद्रातल्या कालवांची शेती करून श्रीमंत झालेला. परंतु ग्रीस देशात गॉर्टिस येथे याहून जुन्या, इ. स. पू. तिसऱ्या शतकातल्या स्नानगृहात भुईखालून तापविण्याची सोय सापडली आहे. तेव्हा ओराटाने शोध लावला असे म्हणण्यापेक्षा, धनिकांमध्ये त्याचे नाव या सोयीशी जोडले गेले, असे म्हणणे अधिक बरे.

रचनेचे सविस्तर वर्णन व्हिट्रूव्हियस या स्थापत्यकाराने इ. स. पू. पहिल्या शतकाच्या अखेरीस लिहून ठेवले. खाली विटांचे फरसबंद तळ करायचा. त्यावर आठ इंची विटांचे दोन फूट उंचीचे लहान लहान खांब उभे करायचे. विटा जोडण्यासाठी केस मिसळून मळलेली माती वापरायची. खांबांवर दोन फुटी मोठ्या विटा बसवायच्या, आणि त्यांवर वरची भुई. एका बाजूला भट्टीचे तोंड. ज्वाला आणि धूर खांबांच्या रानातून फिरत जाई आणि भुई तापे. या वर्णनात एक बारकावा आहे. तळाचा उतार भट्टीच्या तोंडाकडे असावा. तो असा, की आत टाकलेला चेंडू कुठेही न थांबता घरंगळत परत भट्टीपाशी यावा. ज्योत चढावर सहज चढते, म्हणून हा उतार. एका चेंडूने गवंड्याच्या कामाची परीक्षा करण्याची ही रीत पाहिली म्हणजे हा माणूस केवळ पुस्तकी नव्हता याची खात्री पटते.

पुढे इ. स. च्या पहिल्या शतकात भिंतीतही पोकळ विटांचे नळ बसवू लागले आणि भिंतीही तापू लागल्या. तत्त्वज्ञ सेनेका आपल्या पत्रात याचा उल्लेख आपल्या हयातीतली नवी टूम म्हणून करतो. धाकटा प्लिनी लॉरेंटम येथील आपल्या समुद्रकाठच्या घराचे वर्णन करताना निजायच्या खोलीला जोडलेल्या एका छोट्या हायपोकॉस्टचे कौतुक करतो. त्याच्या अरुंद झडपेतून हवी तेवढी ऊब आत घ्यावी, नको तेव्हा अडवावी. घरातली ही सोय अशा श्रीमंतांचीच. सामान्य रोमन माणसाला ती मिळे सार्वजनिक स्नानगृहात. ही गोष्ट रोमच्या पदरी न्यायाने टाकली पाहिजे. अगदी क्षुल्लक नाणे देऊन गरिबालाही तापल्या भुईवर बसता येत असे. इ. स. २१६ मध्ये खुल्या झालेल्या कॅराकॅलाच्या स्नानगृहात १,६०० आसने होती, अशी पाचव्या शतकातली नोंद आहे.

आता आपण वरच्या संगमरवरी दालनातून खाली उतरू. भट्टीशी कोण होते? तेथे गुलाम होते. कॅराकॅलाच्या स्नानगृहाखाली लांबच लांब बोगदे आहेत. लाकूड वाहून आणणे, भट्ट्यांत घालणे, राख उपसणे, हे काम त्या अंधारात, धुरात आणि धगीत चाले. वर आंघोळ करणाऱ्याला तो माणूस दिसत नसे, आणि त्याने दिसू नये अशीच इमारतीची योजना होती.

या भट्टीवाल्यांनी स्वतःविषयी काही लिहून ठेवले नाही. पण रोमन कायद्याच्या ग्रंथांत अशा एकाची सावली पडलेली आहे. तिसऱ्या शतकातल्या उल्पियन या कायदेपंडिताचे एक वचन सम्राट जस्टिनियनने इ. स. ५३३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या संहितेत आले आहे. कुळाच्या पदरचा एक भट्टीवाला गुलाम भट्टीपाशी झोपी गेला आणि मालकाचे घर जळाले. तर भरपाई कोणी द्यायची? विस्तव एकाने पेटविला आणि राखला दुसऱ्याने, तर पेटविणारा दोषी की राखणारा? ती भट्टी स्नानगृहाची होती की दुसऱ्या कसली, हे वचनावरून कळत नाही. पण चर्चा मोठी मार्मिक आहे. तिच्यात घराची किंमत आहे, कुळाची जबाबदारी आहे. तो माणूस का झोपी गेला, किती रात्री जागला होता, हे मात्र कोणी विचारीत नाही. वरच्या उबेचा हिशेब ठेवणाऱ्या कायद्याला खालच्या माणसाची झोप हा फक्त निष्काळजीपणा वाटला.

अशी ही व्यवस्था पाण्याचे पाट, दूरदूरच्या रानांतले लाकूड, गुलामांचे तांडे आणि खर्च उचलणारे सरकार या चार खांबांवर उभी होती. पश्चिमेत साम्राज्य मोडले तसे एकेक खांब ढासळले. इ. स. ५३७ मध्ये गॉथ लोकांनी रोमला वेढा घातला आणि शहराला पाणी आणणारे पाट फोडले. मोठी स्नानगृहे बंद पडली. युक्ती अवघड नव्हती. तिला जगविणारी माणसे आणि पैसा उरला नव्हता.

सर्वस्वी लोपली असे मात्र म्हणता येणार नाही. तिचे दोन प्रवाह पुढे गेले. एक पूर्वेकडे; पूर्वेकडील रोमन प्रदेश अरबांच्या हाती आले तेव्हा तेथली स्नानगृहेही त्यांनी उचलली. जॉर्डनच्या वाळवंटात कुसैर अम्रा येथे आठव्या शतकातल्या स्नानगृहात भुईखाली असेच विटांचे खांब आहेत. हाच हमाम. पुढे इराण, मध्य आशिया आणि मोगल यांच्या मार्गाने तो आपल्याकडे आला. आपल्या भाषेतला ‘हमामखाना’ हा शब्द त्याच वाटेचा. तापीकाठी बऱ्हाणपूरच्या शाही किल्ल्यात शहाजहानच्या काळचा चित्रांनी नटलेला हमाम आजही पाहावयास मिळतो. काश्मीरात तर हमाम म्हणजे स्नानगृहापेक्षा ऊबदार खोली. दगडी लाद्यांची भुई, खाली लाकडाचा विस्तव, आणि वर हिवाळ्यात माणसे येऊन बसलेली. तेथल्या मशिदींना जोडून असे हमाम आहेत. ज्यांना परवडते ते घरातही बांधतात.

दुसरा प्रवाह स्पेनमध्ये राहिला. कॅस्टाइलच्या पठारावर शेतकऱ्यांच्या घरांत भुईखाली धुराच्या वाटा काढून त्यांत गवताचा पेंढा जाळण्याची रीत होती. तिचे नाव ‘ग्लोरिया’, म्हणजे स्वर्गसुख. ध्यानात घ्या, सम्राटांची स्नानगृहे ओस पडली आणि त्यांची ऊब शिल्लक राहिली ती पेंढा जाळणाऱ्या कुणब्याच्या घरी.

आता दुसऱ्या टोकाला, कोरियाला जाऊ. येथे ऊबदार भुईला ‘ओंदोल’ म्हणतात. जुना देशी शब्द ‘गूदल’. कोरियाच्या उत्तर भागात आणि त्याला लागून असलेल्या प्रदेशात दोन हजार वर्षांपूर्वीच्या घरांत चुलीपासून निघून भिंतीच्या कडेने जाणाऱ्या धुराच्या वाटा उत्खननात सापडल्या आहेत. इ. स. ९४५ मध्ये पूर्ण झालेल्या चीनमधील तांग घराण्याच्या जुन्या इतिहासात गोगुर्यो या कोरियन राज्याविषयी नोंद आहे, की तेथले गरीब लोक हिवाळ्यात लांब चर खणतात आणि त्याखाली मंद विस्तव ठेवून ऊब मिळवितात. ‘गरीब लोक’ हे शब्द मला फार मोलाचे वाटतात. रोममध्ये या युक्तीशी पहिले नाव जोडले गेले ते एका धनिकाचे. कोरियात पहिला उल्लेख होतो तो नाव नसलेल्या गरिबांचा. उत्तर चीनमध्ये याच जातीची दुसरी सोय दिसते. तिला ‘कांग’ म्हणतात. तेथे सगळी भुई नव्हे, तर निजण्या-बसण्याचा ओटा तापवितात.

ओंदोलची रचना समजायला आपल्याला रोमन पंडिताची गरज नाही. आपल्या आजीची चूल पुरे. आपल्या चुलीला जोडून वैल असतो. चुलीवर भाकरी चाललेली असते, आणि तीच धग मागच्या वाटेने वैलाखाली जाऊन आमटी ऊन ठेवते. वेगळे जळण नाही, वेगळी राखण नाही. कोरियन घर म्हणजे सबंध खोलीचा वैल केलेला! स्वयंपाकघराची भुई शेजारच्या खोलीपेक्षा खोल असते. चुलीवर भात शिजतो; तिचा धूर आणि धग खोलीच्या भुईखालच्या वाटांतून फिरते आणि पलीकडच्या बाजूच्या धुराड्यातून बाहेर पडते. वाटांवर दगडी लाद्या, लाद्यांवर मातीचा लेप, आणि त्यावर कागदाचे थर देऊन तेल पाजलेली पिवळसर, गुळगुळीत भुई. चुलीजवळच्या लाद्या जाड आणि तेथला मातीचा थर भरपूर. दूरच्या लाद्या पातळ. म्हणजे जवळची जागा एकदम तापू नये आणि दूरची अगदीच गार राहू नये. धुराड्यापाशी एक खड्डा ठेवलेला असतो. त्यात राख साचते आणि बाहेरचा वारा धूर परत ढकलू शकत नाही.

या भुईने कोरियन माणसाची राहणीच घडविली. भुई ऊबदार म्हणून बसणे भुईवर, जेवणे भुईवर, निजणे भुईवर. घरात शिरताना पायताण बाहेर. आपल्याला यात परके काहीच वाटणार नाही. चुलीकडच्या जागेला ते ‘आरॅनमोक’ म्हणतात आणि दूरच्या जागेला ‘विनमोक’. आरॅनमोकवर मान घरातल्या वृद्धांचा, आजाऱ्याचा आणि पाहुण्याचा. उशिरा येणाऱ्याच्या भाताचे भांडेही तेथेच पांघरुणाखाली झाकून ठेवीत. कोणाला किती ऊब, हे भुईवर जणू आखून ठेवलेले होते. पण ती वाटणी घरातल्यांनी घरातल्यांसाठी, वडीलधाऱ्यांच्या मानाने केलेली होती.

हे चित्र मी गोड करून सांगत नाही. सरदारांच्या वाड्यांत आणि राजवाड्यात चुलीशी नोकर आणि दासच राबत. सामान्य घरात पहाटे उठून विस्तव फुंकण्याचे काम बहुधा घरच्या सुनेचे असे. ते जगात कुठे सोपे होते? परंतु एक फरक मोठा आहे. रोममध्ये विस्तव पेटविणारा ऊब घेणाऱ्यांत नव्हता. कोरियन झोपडीत जी बाई विस्तव घाली तीच रात्री त्या भुईवर आपल्या लेकरांना घेऊन निजे. विस्तव स्वयंपाकासाठी पेटणारच होता, म्हणून राज्य बदलले, दुष्काळ पडला, तरी भुई रोज थोडी तरी तापे. गरिबाच्या झोपडीतून ही सोय हळूहळू वर चढली. चोसन राजवटीत, सतराव्या शतकाच्या सुमारास आणि पुढे, ती वाडे आणि राजवाडे यांतही सर्वत्र झाली. सेऊलच्या ग्योंगबोकगुंग राजवाड्यात राणीच्या महालामागे बागेत नक्षीकाम केलेली सुंदर धुराडी आहेत. झोपडीतल्या चुलीची ती राजवाड्यातली रूपे.

येथे जमाखर्च पुरा मांडला पाहिजे. लक्षावधी चुलींनी रानेच्या राने खाल्ली. चोसन राजांनी देवदाराच्या जातीतली झाडे तोडण्यावर निर्बंध घातले. तरीही वस्तीजवळचे डोंगर उघडे पडत गेले. १८९० नंतरच्या दशकात कोरियात फिरलेल्या इझाबेला बर्ड या इंग्रज प्रवासिनीने तेथल्या खानावळींतल्या तापलेल्या भुईने आपल्याला रात्री कसे भाजून काढले याच्या तक्रारी लिहून ठेवल्या आहेत. गिऱ्हाइकांच्या घोड्यांचा खुराक शिजविण्यासाठी चूल पेटलेली, आणि भुई निजणाऱ्यासाठी विझत नाही! एकाच विस्तवावर दोन कामे करण्याची ही दुसरी बाजू.

यानंतर गोष्टीला विलक्षण वळण लागते. १९१० मध्ये जपानने कोरिया खालसा केला. सेऊलच्या राजवाड्यातल्या अनेक इमारती पाडल्या किंवा विकल्या गेल्या. युवराजाचा ‘जासोनदांग’ नावाचा महाल ओकुरा किहाचिरो या जपानी धनाढ्याने उचलून तोक्योत आपल्या आवारात नेऊन उभा केला. याच ओकुराकडे फ्रँक लॉइड राइट हा अमेरिकन स्थापत्यकार जेवायला गेला होता; तोक्योतल्या इंपीरियल हॉटेलच्या कामासाठी तो तेव्हा जपानात येऊन-जाऊन असे. गारठलेल्या जपानी खोलीत जेवण झाल्यावर यजमानाने पाहुण्यांना ‘कोरियन खोली’त नेले. राइटने ‘द नॅचरल हाउस’ या १९५४ च्या पुस्तकात लिहिले आहे, की तेथे शिरताच जणू ऋतूच पालटला. शेगडी दिसेना, निखारा दिसेना; आणि तरी वसंत आल्यासारखे वाटले. ऊब भुईतून येत होती. ही खोली त्या पळवून आणलेल्या महालातलीच असावी, असे अनेक अभ्यासकांना वाटते.

राइटने तो अनुभव गाठीला बांधला. हॉटेलच्या न्हाणीघरांच्या भुईखाली त्याने विजेची उष्णता देण्याची सोय केली. पुढे १९३६-३७ मध्ये विस्कॉन्सिन राज्यातल्या मॅडिसन येथे जेकब्स या तरुण पत्रकाराच्या कुटुंबासाठी त्याने एक लहान घर बांधले. खर्च, स्थापत्यकाराची फी धरून, ५,५०० डॉलर. या घराला तळघर नव्हते आणि भिंतींशी तापणाऱ्या लोखंडी जाळ्याही नव्हत्या. काँक्रीटच्या भुईखाली नळ होते आणि त्यांतून उष्णता फिरत होती. याआधी इंग्लंडात बार्कर या अभियंत्याने भिंतीत व भुईत नळ पुरण्याची कल्पना काढलीच होती, तेव्हा सारे श्रेय राइटला देणे बरोबर नाही. परंतु सामान्य उत्पन्नाच्या माणसाच्या घराशी ती जोडली, हे त्याचे काम महत्त्वाचे. दुसऱ्या महायुद्धानंतर, १९४७ ते १९५१ या काळात, न्यूयॉर्कजवळ लाँग आयलंडवर लेव्हिटटाउन नावाची सतरा हजारांहून अधिक घरांची वसाहत झाली. लढाईवरून परतलेल्या शिपायांच्या त्या घरांत भुईत तांब्याचे नळ घालून गरम पाणी फिरविले होते. पुढे कित्येक घरांतले नळ गंजले, गळू लागले; भुई फोडल्यावाचून दुरुस्ती होईना. टिकाऊ प्लास्टिकचे नळ आले तेव्हा हा दोष दूर झाला आणि युरोपात ही पद्धत पसरली.

तोक्योतला तो महाल १९२३ च्या भूकंपात आणि आगीत नष्ट झाला. त्याच्या पायाचे दगड मात्र राहिले होते. ते १९९० नंतरच्या दशकात कोरियाला परत देण्यात आले. भाजून तडकलेले ते दगड सेऊलच्या राजवाड्याच्या आवारात ठेवले आहेत.

मग खुद्द कोरियात काय झाले? या कहाणीतला सर्वांत दुःखद भाग येथेच आहे. १९५० ते १९५३ च्या युद्धाने देश उद्ध्वस्त झाला. डोंगर उघडे, जळण नाही. तेव्हा शहरांनी कोळशाच्या भुकटीच्या, उभी भोके पाडलेल्या गोल वड्या जाळावयास सुरुवात केली. त्यांना ‘योनतान’ म्हणतात. वडी स्वस्त, रात्रभर मंद जळणारी. लाकडाची तोड थांबली. १९७३ पासून सरकारने वृक्षारोपणाची मोठी योजना हाती घेतली आणि कोरियाचे डोंगर पुन्हा हिरवे झाले. आज आपण त्या हिरवाईची स्तुती ऐकतो, ती योग्यच आहे.

परंतु भुईखाली कोळसा मंद जळतो तेव्हा कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. लाकडाच्या धुराने डोळे चुरचुरतात, ठसका लागतो, माणूस जागा होतो. हा वायू कोणाला जागे करीत नाही. कागदाच्या भुईला बारीकशी चीर पडली, धुराडे तुंबले, की तो खोलीत येई. आणि आरॅनमोकवर, म्हणजे मानाच्या, सर्वांत ऊबदार जागेवर निजलेली माणसे सकाळी उठत नसत. १९६० ते १९८० च्या दशकांत हिवाळा आला की अशा मृत्यूंच्या बातम्या तेथल्या वृत्तपत्रांत नित्याच्या झाल्या होत्या. शहरात शिकायला, मजुरीला आलेली, भाड्याच्या जुन्या खोल्यांत राहणारी माणसे त्यांत पुष्कळ असत. ज्यांना शुद्ध आली त्यांना शेजारीपाजारी मुळ्याच्या लोणच्याचे थंडगार पाणी पाजीत; घरगुती उपायापलीकडे हाताशी काही नसे. डोंगर वाचले, पण त्याची किंमत कोणी मोजली, हे विसरू नये.

उपाय निघाला तो भुई टाकून देऊन नव्हे, तर विस्तव भुईखालून काढून. बंबात पाणी तापवायचे आणि नळांतून भुईत फिरवायचे. धूर आणि वायू बाहेर, ऊब आत. पुढे कोळशाच्या जागी तेल आणि गॅस आला. आज सेऊलच्या उंच इमारतींत विसाव्या मजल्यावरचे घरही भुईतूनच तापते. घरे बदलली, चूल गेली, सोफे आणि पलंग आले. तरी हिवाळ्यात माणसे सोफ्यावरून उतरून भुईवर बसतात. २०१८ मध्ये दक्षिण कोरियाने ओंदोलची राहणी हा आपला राष्ट्रीय अमूर्त वारसा म्हणून घोषित केला. युरोपातही आता ३५ ते ४५ अंशांच्या कोमट पाण्यावर भुई तापवितात. पाणी फार कढवावे लागत नाही, म्हणून जळणाची बचत होते.

श्रोतेहो, कोणी म्हणेल, रोम पडले कारण रोमवर आक्रमणे झाली. त्याचा भुईशी संबंध काय? आक्षेप बरोबर आहे, पण अर्धाच. कोरियावर आक्रमणे कमी झाली का? मंगोल आले, जपानी आले, मांचू आले. राजवाडे जळाले, राजघराणी बुडाली. ओंदोल मात्र टिकला, कारण तो राजवाड्याच्या आधाराने जगत नव्हता. प्रत्येक घराच्या चुलीपाशी त्याची मुळे होती. आणि योनतानच्या काळात तोच ओंदोल घातक झाला, कारण विस्तव बदलला आणि त्याचा धोका कोणाच्या वाट्याला येतो हे वेळीच पाहिले गेले नाही. विद्या तीच, तिचे फळ ठरते भट्टीच्या तोंडाशी काय चालले आहे त्यावर.

आपल्याला ऊबदार भुई नको आहे. आपल्याला गारवा हवा आहे. पण प्रश्न तोच आहे. ज्यांना परवडते ते खोलीत यंत्राने गारवा करतात, आणि यंत्राची गरम हवा गल्लीत सोडतात. त्या गल्लीत हातगाडीवाला उभा असतो, पत्र्याच्या छपराखाली कुटुंब निजलेले असते. आत बसणाऱ्याला तो माणूस दिसत नाही. रोमच्या स्नानगृहातही खालचा माणूस दिसत नव्हता. भुईतल्या नळांची जुनी युक्ती उलटी करून, म्हणजे छताच्या आणि भुईच्या काँक्रीटमध्ये थंड पाणी फिरवून, इमारती गार ठेवण्याचे प्रयोगही झाले आहेत. बँकॉकच्या २००६ मध्ये सुरू झालेल्या विमानतळावर आणि आपल्याकडे हैदराबादला इन्फोसिसच्या एका इमारतीत तसे केले आहे. त्यात वीज कमी लागते, हे चांगलेच. पण तो गारवा पत्र्याच्या छपराखाली पोचेल तेव्हा त्याचा इतिहास लिहिण्यासारखा होईल.

आता आपण उठाल, आणि वाटेत पायांना रस्त्याची धग लागेल. दिवसभराची उष्णता दगड परत देत असतो. दोन हजार वर्षांपूर्वी कोण्या अनामिक गरिबाने हेच ओळखून चुलीचा धूर आपल्या अंथरुणाखालून नेला होता. त्याचे नाव आपल्याला माहीत नाही. पण आज या उकाड्यात त्याची आठवण आपण काढली, एवढे मला पुरे आहे.